हर्डीकरांच्या दारातलं पार्किंग

बंगळुरातल्या चंपक लेआउटच्या सातव्या क्रॉसवर, म्हणजे सातव्या आडव्या गल्लीत, पार्किंगचे परवाने सुरू करावेत, ही मागणी मुळात नंदकिशोर हर्डीकरांची. हल्ली ही गोष्ट ते कोणाला सांगत नाहीत, आणि दुसऱ्या कोणी सांगितली तर विषय बदलतात.

मागणीला कारण होतं. क्रॉसच्या कोपऱ्यावर उभ्याने डोसे खायचं एक हॉटेल निघालं, ते चाललं, आणि थेट मल्लेश्वरमपासून माणसं तिथला लोण्यात न्हालेला बेण्णे डोसा खायला यायला लागली. येताना गाड्या घेऊन यायला लागली. हर्डीकरांचं फाटक हॉटेलपासून अशा बेताच्या अंतरावर, की डोसा खायला येणाऱ्याला वाटावं, ही जागा कोणीतरी आपल्यासाठीच धरून ठेवली आहे. हर्डीकर बाहेर येऊन म्हणत, "ये गेट है." गाडीवाला म्हणे, "टू मिनिट्स, अंकल." दोन मिनिटांत तिथला डोसा तव्यावरून उतरतसुद्धा नाही हे हर्डीकरांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते स्वतःही तिथलं जुनं गिऱ्हाईक. पण तो मुद्दा वेगळा.

एका सरकारी मशीन-कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले होते. केसभर फरक पडला म्हणून अख्खा माल परत पाठवणारा माणूस. अशा माणसाच्या फाटकासमोर रोज कोणीतरी तिरपी गाडी लावून जायचं म्हणजे काय, हे ज्यानं ते सोसलं आहे त्यालाच कळेल. त्यांनी पालिकेला अर्ज लिहिला. गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सह्या घेतल्या. शेजारच्या उमाजीरावांनी अर्ज न वाचताच सही केली. "तुम्ही शिकलेले लोक, अण्णा. तुम्ही लिवल्यावर आम्ही काय वाचायचं?" उमाजीरावांचं घराणं तीन-साडेतीन शतकं इथंच नांदलेलं, त्यांचं मराठी ऐकताना हर्डीकरांना मधूनच कानडी लागल्यासारखं होई. समोरच्या देवाप्पांनी मात्र चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला आणि सही करता करता म्हणाले, "सर, पालिकेला बोलावणं सोपं. परत पाठवणं अवघड." देवाप्पा वीजमंडळातून निवृत्त झालेले, सरकार त्यांनी आतून पाहिलेलं होतं. हर्डीकरांनी ते मनावर घेतलं नाही.

आणि आश्चर्य म्हणजे पालिकेनं ऐकलं! सातवा क्रॉस 'प्रायोगिक रस्ता' म्हणून निवडला गेला. रस्त्यावर पिवळे चौकोन आखले गेले. पाटी लागली: रहिवाशांच्या गाड्यांना हिरवा स्टिकर, पाहुण्यांच्या गाड्यांना पास, बाकी सगळ्यांना जॅमर. पाटीचा खांब हर्डीकरांच्या फाटकाला लागूनच पुरला. त्या दिवशी त्यांनी स्वतः पेढे वाटले. डोसा खाणाऱ्यांच्या दोन-चार गाड्यांना पिवळे जॅमर लागले तेव्हा ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, आणि नीलाताईंच्या म्हणण्याप्रमाणे, निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा इतका प्रसन्न कधी दिसला नव्हता.

मग स्टिकर वाटले गेले. उमाजीरावांना मिळाला. देवाप्पांना मिळाला. कोपऱ्यावरच्या ज्या घरात गाडीच नव्हती त्यांनाही मिळाला. त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला. हर्डीकरांना मिळाला नाही.

"सर, आपल्या घराला गॅरेज आहे," पालिकेच्या पार्किंग विभागाच्या रक्षिता मॅडम म्हणाल्या. वयानं तिशीच्या आतबाहेर, हातात टॅब, आणि आवाज असा मऊ की आपल्याला नकार मिळाला आहे हे माणसाला घरी पोचल्यावर कळावं. कानडी, हिंदी आणि इंग्रजी त्या एकाच वाक्यात व्यवस्थित वाटून बोलत. "मंजूर नकाशात गॅरेज दाखवलंय. गॅरेज असलेल्या घराला रस्त्यावर जागा नाही."

"पण त्या गॅरेजमध्ये माझी आत्ताची गाडी मावत नाही."

"का सर?"

हा प्रश्न जरा नाजूक होता. घर बांधलं तेव्हा हर्डीकरांकडे एक छोटी गाडी होती. तिची लांबी-रुंदी त्यांनी स्वतः टेपनं मोजली होती आणि कंत्राटदार "सर, थोडं मोठं ठेवू या" म्हणत असताना त्याला ऐकवलं होतं, की नेमकेपणा म्हणजे काय हे तुम्हाला शिकायला हवं. पुढे काळ बदलला, गाड्या बाळसेदार झाल्या, हर्डीकरांचीही झाली. गॅरेज तेवढं नेमकंच राहिलं.

"गाडी आत जातच नाही का?" मॅडमनी विचारलं.

"जाते. पण दार उघडत नाही. मग माणूस बाहेर कसा येणार?"

"सर, नियम गाडीबद्दल आहे. माणसाबद्दल नाही."

यावर हर्डीकर चिडले. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी प्रात्यक्षिकानं लोकांना गप्प केलं होतं. "या, दाखवतोच तुम्हाला," म्हणून ते किल्ली घेऊन निघाले. नीलाताई स्वयंपाकघरातून "अहो, नको, अहो" म्हणत बाहेर येईपर्यंत गाडी सुरू झाली होती. दोन्ही आरसे मिटवून, इंच इंच सरकत त्यांनी ती गॅरेजात घातली. इतक्या कौशल्यानं घातली की देवाप्पांनी समोरच्या ओट्यावरून टाळ्या वाजवल्या. मग हर्डीकरांनी दार उघडून दाखवलं. ते भिंतीला टेकलं. त्या फटीतून त्यांनी हात बाहेर काढून हलवला, म्हणजे मॅडमना मुद्दा कळावा.

"बघितलंत?"

"बघितलं सर. आता बाहेर घ्या."

गाडी मागे घेऊन सोडवली असती तर प्रश्न मिटला असता. पण प्रात्यक्षिकाच्या भरात हर्डीकरांनी ती जरा जास्तच आत रेटली होती, समोरचा बंपर जुन्या लोखंडी कपाटाच्या कडीत अडकला होता, आणि मागे घ्यायला लागलं की कपाटही बरोबर यायला निघे. वरच्या फळीवरचं गणपतीचं मखर टपावर पडलं. "बंद करा, बंद करा!" नीलाताई ओरडल्या. शेवटी उमाजीराव धावत आले आणि त्यांनी डिकी उघडली. "अय्यो, घाबरू नका अण्णा. स्वल्प डोकं खाली करा. पाय आधी द्या. सरी, सरी, या, या."

गुणवत्ता विभागाचे निवृत्त प्रमुख मागच्या सीटवरून आडवे होऊन, पाय आधी, डिकीतून बाहेर आले. सगळी गल्ली जमली होती. डोसा खाणारे काही लोक प्लेटी हातात घेऊन आले होते. रक्षिता मॅडमनी टॅबवर फोटो काढला.

"हा कशाला?" हर्डीकरांनी शर्टाला लागलेली मखराची चमकी झटकत विचारलं.

"फाईलसाठी, सर. गाडी पूर्ण आत आहे. आणि चालकही बाहेर आले." त्या मनापासून हसल्या. "स्वल्प ॲडजस्ट माडी, सर."

बंगळुरात हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस जात नाही. बसमध्ये, रांगेत, बँकेत. थोडं सांभाळून घ्या. पण डिकीतून जन्मल्यावर लगेच कोणी हे सांगावं, असा प्रसंग हर्डीकरांवर पहिलाच होता.

त्यानंतर गाडी गॅरेजातच राहिली. कपाटाची कडी पुढे उमाजीरावांनी कापून दिली, पण आत-बाहेर व्हायचं तर डिकीतूनच, आणि नीलाताईंनी स्पष्ट सांगितलं, की या वयात मी डिकीतून भाजी आणायला जाणार नाही. दोघं रिक्षानं हिंडू लागली. गल्लीत सल्ल्यांना ऊत आला. देवाप्पा म्हणाले, गॅरेजची भिंत पाडा. मग म्हणाले, पाडू नका, पाडायला वेगळा परवाना लागतो. मग म्हणाले, रस्त्यावर लावा आणि वर ताडपत्री टाका. ताडपत्रीखाली काय आहे हे बघायचा अधिकार पार्किंगवाल्यांना नाही, माझा अनुभव आहे. उमाजीरावांच्या सोयराबाईंनी तर छोटी गाडी परत विकत घ्या म्हणून सुचवलं. हर्डीकर प्रत्येकाला मान हलवून "बघू" म्हणत, आणि घरात येऊन पंखा जोरात सोडत.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुण्याहून सुहासदादाचा फोन आला.

सुहासदादा म्हणजे हर्डीकरांचा थोरला भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक. वास्तुशांतीला आला होता तो एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाला होता, "तुझ्या बंगळुरात माणसाला पाय ठेवायला जागा नाही रे, नंद्या." हर्डीकरांच्या ते मनाला लागलं. तेव्हापासून दिवाळीला फोन, गणपतीला फोन, आणि मधल्या काळात दोघंही एकमेकांच्या फोनची वाट बघत. आता दादाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मुलगा मकरंद त्याला गाडीनं मदुराईला नेत होता. "वाटेत दुपारी तुमच्याकडे जेवू," दादा म्हणाला. "फक्त एक कर. गाडी दारापाशी लागेल असं बघ. मला चालवत नाही फार."

"दारातच लागेल!" हर्डीकर म्हणाले. फोन ठेवला आणि चपला पायांत सरकवल्या.

ते पालिकेच्या ऑफिसात गेले. रक्षिता मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"पाहुण्याचा पास रहिवासी परवाना असलेल्यालाच मिळतो, सर. तुमच्याकडे परवाना नाही."

"मग माझ्या पाहुण्यांनी गाडी कुठं लावायची?"

"तुमच्या गॅरेजमध्ये."

"गॅरेजमध्ये माझी गाडी आहे."

"मग ती बाहेर काढा, सर."

"बाहेर लावायला मला परवाना नाही!"

"बरोबर आहे, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरोखरच आनंद झाला, की सरांना आता नियम नीट समजला.

घरी आल्यावर उमाजीरावांनी तोड काढली. त्यांचं घर इतकं जुनं की बांधताना गॅरेज हा शब्दच कोणाला माहीत नव्हता. त्यामुळे स्टिकर होता, आणि पाहुण्यांचे पासही मिळत होते. "तुमचे दादा ते आमचे दादा नव्हं का? मी पास काढतो की. नाव घालतो सुहासराव, पाहुणे उमाजीरावांचे. कोण विचारतंय?"

हर्डीकरांना हे पटलं नाही. आयुष्यात खोट्या शिक्क्याचा माल त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नव्हता. त्यांनी रात्रभर विचार केला असं ते म्हणतात. नीलाताई म्हणतात, ते घोरत होते. सकाळी त्यांनी उमाजीरावांना होकार दिला.

दादा आला. गाडी दारात, पिवळ्या चौकोनाच्या मधोमध लागली. मकरंदनं हात धरून त्याला उतरवलं, आणि दादानं फाटक, पाटी, पिवळे पट्टे सगळं निरखून पाहून म्हटलं, "शिस्त आहे बरं का, नंद्या, तुमच्याकडे." हर्डीकरांचा ऊर भरून आला. पानं वाढायला थोडा वेळ होता. दादाला पाय मोकळे ठेवायला बरं म्हणून व्हरांड्यात खुर्ची दिली. मकरंद हात धुवायला गेला. हर्डीकर ताक घुसळून झालं का बघायला आत गेले. आणि नेमक्या त्याच वेळी रक्षिता मॅडम तपासणीला आल्या.

त्यांनी टॅब बघितला, गाडीचा महाराष्ट्राचा नंबर बघितला, आणि व्हरांड्यातल्या प्रसन्न म्हाताऱ्याला नमस्कार करून हिंदीत विचारलं, "सर, ये गाडी आपकी है? उमाजी राव आपके कौन लगते हैं?"

"कोई नहीं लगते," सुहासदादा म्हणाला.

"आप उनके गेस्ट हैं ना?"

"नहीं, नहीं. हम हमारे धाकटे भाई के यहाँ उतरे हैं. नंदकिशोर हर्डीकर. ये घर उनका है. बहुत हुशार आदमी है."

हर्डीकर ताकाची वाटी घेऊन बाहेर आले तोवर जॅमर लागला होता. शेजारच्या घरातून सोयराबाईंचा आवाज येत होता, कारण चुकीची माहिती दिल्याबद्दल उमाजीरावांचा स्टिकरही तात्पुरता रद्द झाला होता. "मी म्हटलं होतं की नाय? म्हटलं होतं की नाय? मोठे आले दुसऱ्याचे दादा पार्क करायला!"

"दादा," हर्डीकर कळवळून म्हणाले, "तुला सांगितलं होतं ना, की उमाजीरावांचं नाव सांग म्हणून?"

"सांगितलं होतंस. पण मी तुझ्याकडे आलोय, तर दुसऱ्याचं नाव का सांगू?" दादानं अगदी सरळ विचारलं. जेवण झालं. पुरणपोळी उत्तम होती असं सगळे म्हणाले. कोणाला चव कळली नव्हती.

जॅमर काढायचा तर पाहुण्याच्या यजमानानं अर्ज करायचा. कागदोपत्री यजमान उमाजीराव. पण त्यांचा परवाना रद्द, म्हणून ते यजमान नाहीत. खरे यजमान हर्डीकर. पण त्यांना परवानाच नाही, म्हणून तेही नाहीत. पालिकेच्या दृष्टीनं सुहासदादा हा बंगळुरात कोणाचाही पाहुणा नव्हता. अपील ऐकणारे साहेब मतदार याद्यांच्या कामावर गेले होते. कधी येतील? "येतील सर," रक्षिता मॅडम म्हणाल्या, "याद्या संपल्या की."

मकरंदनं दोन दिवस वाट पाहिली आणि नोकरीपायी विमानानं पुण्याला गेला. दादाला विमानाच्या शिड्या, बसच्या पायऱ्या काही जमणारं नव्हतं. "काका, गाडी सुटली की कळवा, मी न्यायला येतो." मदुराई राहिली. दादा राहिला.

हर्डीकर रोज ऑफिसात जात. रोज कोणाशी तरी भांडत. एकदा इतके तावातावानं बोलले की शिपायानं त्यांना लिंबूपाणी आणून दिलं आणि तेही त्यांनी रागाच्या भरात दोन ग्लास प्यायलं. दमून घरी यावं तर व्हरांड्यात वेगळंच चित्र. दादा खुर्चीत, समोरच्या स्टुलावर देवाप्पा, कठड्यावर उमाजीराव, आणि मध्ये मुरमुऱ्यांची परात. सोयराबाई दादाला कानडी शिकवत होत्या. भांडण त्या कधीच विसरल्या होत्या. दादानं त्यांच्या हातच्या सारूचं, म्हणजे तिथल्या पातळ आमटीचं, एवढं कौतुक केलं होतं. डोसे खायला येणारी काही मंडळीसुद्धा आता हॉटेलात जाण्याआधी "नमस्कारा, दादा" म्हणून जात. या गल्लीत हर्डीकरांना इतक्या वर्षांत कोणी 'अंकल'च्या पुढे काही म्हटलं नव्हतं.

रक्षिता मॅडम जॅमर जागेवर आहे ना हे बघायला येत. दादा त्यांना कॉफी प्यायला लावी. "पोरगी उन्हातान्हात हिंडते, नंद्या. नीला, दोन बिस्किटंही दे गं." आणि हर्डीकर आतल्या खोलीत पंख्याखाली बसून, आपल्याच घरात आपल्या शत्रूला आपल्याच दुधाची कॉफी दिली जाते आहे, हे ऐकत.

पण संध्याकाळी, सगळे गेल्यावर, दोघं भाऊ व्हरांड्यात बसत. दादा गुडघ्याला तेल चोळी. हर्डीकर ऑफिसात काय झालं ते सांगत, आणि दादा हसून हसून खोकायला लागे. डिकीचा प्रसंग तर त्यानं तीनदा सांगायला लावला. तिसऱ्यांदा सांगताना हर्डीकरांनाच हसू आवरेना. नीलाताई आतून म्हणाल्या, "अहो, तुम्ही हसताय?" त्यांनी लगेच चेहरा सरळ केला.

मग एके सकाळी रक्षिता मॅडम आल्या त्या हिरवा स्टिकर घेऊन. बरोबरच्या माणसानं जॅमर काढला.

"साहेब आले?" हर्डीकर धावत फाटकापाशी आले.

"नाही सर. पण कम्प्युटरनं पाहणी केली. जी गाडी या रस्त्यावर दिवस-रात्र सलग उभी असते, तिला रहिवासी गाडी धरायचं, असा नियम आहे. या क्रॉसवर अशी एकच गाडी निघाली." त्यांनी दादाच्या गाडीच्या काचेवर स्टिकर काळजीपूर्वक चिकटवला. "रहिवाशाला जॅमर लावता येत नाही."

हर्डीकर फाटक ढकलून गाडीपाशी आले. "अहो, पण ती उभी होती, कारण तुम्ही तिला जॅमर लावला होता!"

"कम्प्युटर कारण विचारत नाही, सर."

"म्हणजे पुण्याची गाडी इथली रहिवासी. आणि मी? मी इतकी वर्षं इथं राहतोय, मी कोण?"

"तुम्हालाही रस्त्यावर गाडी लावता येईल ना, सर!" मॅडमना एकदम सुचलं. त्यांनी टॅबवर भराभर बोटं फिरवली. "दादांकडे आता परवाना आहे. ते पाहुण्याचा पास देऊ शकतात. ते असेपर्यंत चालेल."

त्या दिवशी सातव्या क्रॉसवर, स्वतःच्या फाटकासमोर, हर्डीकरांची गाडी कायदेशीरपणे उभी राहिली. पासावर लिहिलं होतं: यजमान, सुहास हर्डीकर. पाहुणा, नंदकिशोर हर्डीकर. देवाप्पांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि घाईघाईनं घरी निघून गेले. त्यांच्या घराचं दार लागल्यावर आतून हसण्याचा आवाज आला.

मकरंदला कळवलं. रविवारी न्यायला येतो, म्हणाला. दादानं पिशवी काढली आणि धोतरांच्या घड्या घालायला बसला. हर्डीकर दारात उभे राहिले. आत आले, खिडकी उघडली, लावली, पुन्हा दारात गेले.

"काय रे?" दादा म्हणाला.

"काही नाही." मग भिंतीकडे बघत, "तू गेलास की माझा पास रद्द होईल."

दादाच्या हातातली घडी तशीच राहिली. त्यानं धाकट्या भावाकडे नीट बघितलं.

"पासासाठीच म्हणतोयस ना?"

"अर्थात! नाहीतर मला परत डिकीतून..." हर्डीकर चिडून म्हणाले, आणि तिथंच अडखळले.

"मग काय, राहायलाच हवं," दादा म्हणाला आणि घडी घातलेली धोतरं एकेक करून परत कपाटात ठेवायला लागला. "मकरंदला सांग, कायदेशीर अडचण आहे."